पंगत आणि पर्याय

‘पर्याय’ हा शब्द गेली अठरा वर्षे मला मुख्यतः प्रश्नपत्रिकेत भेटत आला आहे. ‘योग्य पर्याय निवडा’ ही सूचना मी इतक्यांदा लिहिली आहे की, चारांपैकी तीन पर्याय चुकीचेच असतात ही समजूत त्या शब्दाच्या अर्थाचा भाग होऊन बसली होती. २०२३ च्या डिसेंबरात माझ्या मुलीच्या दप्तरातून एक चतकोर कागद निघाला. ती तेव्हा तिसरीत होती, आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. कागदावर मुलाचे नाव, इयत्ता आणि खाली दोन चौकटी होत्या: अंडे आणि केळे. पालकाने एका चौकटीत खूण करून सही करायची होती. मी उभ्या उभ्याच केळ्यावर खूण केली, सही केली आणि कागद पुन्हा दप्तरात सरकवला. माझ्या लेखी प्रश्न सोपा होता. योग्य पर्याय मला पाठ होता.

त्या खुणेविषयी थोडे लिहायचे आहे. आहारशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी मराठी शिकवते. पण आपण एखादा शब्द कसा वापरतो आणि तो वापरताना काय गृहीत धरतो याची चौकशी करणे हे आपल्या व्यवसायाचे काम आहे. या वेळी तो शब्द पुस्तकातून निघून मुलांच्या ताटापर्यंत पोहोचला होता, एवढाच फरक.

शाळेतल्या जेवणाशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाची पोषण आहाराची योजना सुरू झाली. आमच्या भागात ती आली तेव्हा शिजवलेले अन्न मिळत नसे. हजेरी पुरेशी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळत. आई शाळेच्या व्हरांड्यात तराजू मांडून बसे आणि मुले पिशव्या घेऊन रांगेत उभी राहत. तो तांदूळ घरी गेल्यावर सगळ्या कुटुंबात वाटला जातो, ज्याच्या नावावर आला त्याच्या वाट्याला त्यातले दोन घासच येतात, हे तिला कळत होते. कळूनही काही करता येत नव्हते. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले जेवणच द्यावे असा आदेश दिला. पुढच्या काही वर्षांत शाळांच्या मागे पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या आणि ‘खिचडी’ हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात कायमचा येऊन बसला. २०२१ पासून योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे झाले आहे. नाव काहीही असो, स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हातातले माप ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा.

हे माप पुन्हा एकदा वाचून पाहावे. त्यात मांस नाही, अंडे नाही आणि दूधही नाही. युरोप-अमेरिकेत ज्याला ‘व्हीगन’ जेवण म्हणतात, म्हणजे प्राण्यापासून आलेले काहीही नसलेले निव्वळ वनस्पतीजन्य जेवण, ते आमच्या शाळेमागच्या खोलीत कोणत्याही घोषणेवाचून रोज शिजत आले आहे. आपला ‘शाकाहार’ मात्र वेगळा. त्यात दूध, दही, ताक, तूप इतके गृहीत असते की आपण त्यांचा उच्चारही करत नाही. शाकाहारी म्हणवणाऱ्या घरातले मूल शाळेतली खिचडी खाऊन घरी येते आणि संध्याकाळी पेलाभर दूध पिते. त्याच्या आहाराची बेरीज शाळा आणि घर मिळून होते. ज्या घरात ही दुसरी रक्कम शून्य आहे तिथे बेरीज शाळेतल्या ताटावरच थांबते. हे साधे गणित मला फार उशिरा कळले. ते मला पुस्तकाने शिकवले नाही.

माझे माहेर माळकरी. आजोबांनी तरुणपणीच पंढरपुरास जाऊन तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून मांसमच्छर सोडले. आमच्या माण तालुक्यात शाकाहार असा माळेबरोबर घरात येतो. तो जातीने मिळतोच असे नाही, पुष्कळदा तो घ्यावा लागतो. आजोबांनी तो घेतला, पण घरातल्या सगळ्यांनी घेतला नाही. माझ्या दोन्ही काकांना वशाट लागे. त्यासाठी परड्यात तीन दगडांची वेगळी चूल होती, वेगळे पातेले होते, आणि त्या दिवशी आजी स्वयंपाकघरात आजोबांची भाकरी-आमटी करून मग मागे जाई. एकदा गावातल्या कोणी वयस्क माणसाने आजोबांना विचारले, घरात माळ असताना हे कसे चालते? आजोबा म्हणाले, “माळ माझ्या गळ्यात हाय, त्यांच्या न्हाई.” हे वाक्य आमच्या घरात नंतर विनोदासारखे वापरले जाई, कोणी चहा सोडला, कोणी उपवास धरला की दुसरा लगेच ते म्हणे. मी ते शेकडो वेळा ऐकले आहे. केळ्यावर खूण करताना ते मला आठवले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस उकडलेले अंडे देण्याचे ठरवले, आणि जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ. या निर्णयावर बरीच वादावादी झाली. कोणी त्यात मुलांच्या वाढीची काळजी पाहिली, कोणी संस्कारांवरचे आक्रमण. आमच्या शाळेत मात्र वाद झाला नाही. कागद आले, सह्या झाल्या आणि बुधवार ठरला. नव्वदच्या आसपास पटसंख्येतल्या बहुतेक मुलांच्या कागदावर अंडे होते. केळ्याची मुले पंधरा-सोळा.

पहिल्याच महिन्यातल्या एका बुधवारी मी काही कामाने शाळेत गेले होते. आमच्या शाळेत जेवणाआधी चव पाहण्याची पद्धत आहे. एक शिक्षक आणि जमल्यास एक पालक घास खाऊन नोंदवहीत सही करतात. मी सही केली आणि व्हरांड्यात उभी राहिले. एरवी मुले वर्गवार पंगतीने बसतात. त्या दिवशी पंगती दोन होत्या. अंड्याची मुले भिंतीकडे आणि केळ्याची मुले पायऱ्यांकडे. यामागे कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. एकट्या मावशींना वाढायचे असते, कोणाला काय हे लक्षात ठेवण्यापेक्षा दोन रांगा सोप्या. माझी मुलगी पायऱ्यांकडच्या रांगेत होती. तिची जिवलग मैत्रीण, जिच्याशिवाय ती पाण्यालाही जात नाही, ती भिंतीकडे. दोघी एकमेकींकडे पाहून हसत होत्या, खुणा करत होत्या. मुलांना त्यात काही गैर वाटले असेल असे मला दिसले नाही. मला मात्र, मराठी शिकवण्याच्या सवयीमुळे असेल, एक शब्द आठवला आणि तो काही केल्या मनातून जाईना: पंक्तिप्रपंच.

पंगतीत माणूस पाहून वाढणे, एकाला तूप जास्त आणि दुसऱ्याला डावलणे, याला आपल्या भाषेत हा खास शब्द आहे. अन्न वाढण्यातल्या अन्यायासाठी स्वतंत्र शब्द घडवावा लागला, यावरूनच तो अन्याय किती रूढ असला पाहिजे हे कळते. आमच्याच जिल्ह्यात, साताऱ्याच्या शाळेत, भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळा बसत असे आणि शिपायाने नळ उघडल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत त्यांनी ते लिहून ठेवले आहे. आमच्या शाळेतल्या दोन रांगांची तुलना मी त्या गोणपाटाशी करत नाही. तशी तुलना करणे म्हणजे त्या दुःखाचा अवमान होईल. पण शाळेत कोण कुठे बसतो याला या भूमीत इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असलेल्याने रांगांकडे केवळ वाढप्याची सोय म्हणून पाहू नये, एवढे तरी म्हणता येईल. पुढे २०२४ च्या जानेवारीत अंडे खाणाऱ्या मुलांच्या ओळखपत्रावर लाल ठिपका आणि न खाणाऱ्यांच्या ओळखपत्रावर हिरवा ठिपका लावण्याच्या सूचनेचे वृत्त वाचले. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका पाहण्याची आपल्याला सवय आहे. तो मुलाच्या गळ्यात लटकवण्याची कल्पना कोणाच्या तरी टेबलावर सुचू शकते, हे वाचून मी सुन्न झाले. आमच्या शाळेत ओळखपत्रेच नव्हती, म्हणून ठिपक्यांचा प्रश्न आला नाही.

मी अस्वस्थ झाले आणि अस्वस्थ झालेला शिक्षक जे करतो तेच केले: वाचले. जगात इतरत्र शाळेच्या जेवणात वनस्पतीजन्य पदार्थ कसे आणले जात आहेत, ते शोधू लागले. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर २०१९ पासून शाळांच्या भोजनगृहांत आठवड्यातून किमान एक जेवण मांस-मासळीवाचून देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि २०२१ च्या कायद्याने तो कायम झाला. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांत २०१९ पासून सोमवार मांसाविना झाला आणि फेब्रुवारी २०२२ पासून शुक्रवारचे जेवण निव्वळ वनस्पतीजन्य. पोर्तुगालने २०१७ मध्ये कायदा करून शाळांसह सगळ्या सार्वजनिक भोजनगृहांत वनस्पतीजन्य पदार्थांचा एक पर्याय ठेवणे बंधनकारक केले. या सर्वांमागची कारणे उघड होती: गुराढोरांच्या पैदाशीतून हवामानावर पडणारा भार, मुलांच्या आहारातले मांसाचे अतिरेकी प्रमाण, आणि ज्यांना धर्माने किंवा मताने मांस चालत नाही अशा मुलांची सोय.

हे सारे वाचून माझ्या मनात एक योजना तयार झाली. मी त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. पुढच्या बैठकीत मी ती मांडली. बुधवारचे अंडे आणि केळे दोन्ही बाजूला ठेवू. सगळ्यांना एकच पदार्थ देऊ. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेंगदाण्याचे कूट, आठवड्यातून एकदा नाचणी. रांगा एक होतील. मी आकडेही नेले होते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर शेंगदाणे आणि वाढीव मटकीत तेवढी सहज मिळतात. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तृणधान्यात जे प्रथिनद्रव्य कमी पडते ते कडधान्य भरून काढते आणि कडधान्यातली उणीव तृणधान्य. म्हणजे भात-उसळ ही जोडी आपल्या आज्यांनी शास्त्र न वाचता जुळवलेली. मी न्यूयॉर्क सांगितले, फ्रान्स सांगितले. मी चांगले बोलले असावे, कारण सगळे शांतपणे ऐकत होते. मुख्याध्यापकांनी मान डोलावली.

समितीत एक आई होती. रोजगाराला जाते, त्या दिवशी खुरपणीचा अर्धा दिवस बुडवून आली होती. ती म्हणाली, “मॅडम, तुमचं खरं आसंल. तुमच्या लेकीनं अंडं न्हाई खाल्लं तर तिला घरी दूध हाय. आमच्यात बी गाय हाय, पर दूध डेरीला जातं. माझ्या लेकराला बुधवारचं अंडंच हाय.”

आवाजात राग नव्हता. ती मला एक माहिती देत होती. मी काही तरी उत्तर दिले. आता ते आठवत नाही, आणि आठवत नाही यातच त्याची किंमत कळते. समितीने विषय पुढे ढकलला.

घरी परतताना मी तिच्या वाक्याचा अन्वय लावत राहिले. तिच्या दारात गाय होती, म्हणजे आकडेवारीच्या दृष्टीने ते दूध असलेले घर. पण ते दूध सकाळ-संध्याकाळ किटलीतून संकलन केंद्रावर जात होते आणि त्याच्या पैशांवर घर चालत होते. माझ्या आकड्यांत ही किटली नव्हती. आणखीही काही नव्हते. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, अंडी, मांस यांतूनच येते, किंवा मग औषधातून. फ्रान्सच्या त्या ‘मांसाविना’ जेवणात अंडी आणि चीज चालतात. न्यूयॉर्कच्या मुलाचा शुक्रवार वनस्पतीजन्य असतो, कारण त्याचे आठवड्यातले इतर दिवस तसे नसतात. तिथे वनस्पतीजन्य जेवण हा भरल्या ताटातला पर्याय आहे. आमच्या शाळेत सहाही दिवस तेच ताट होते आणि अंडे हा त्यातला एकमेव पर्याय. मी पर्याय द्यायला निघाले नव्हते. होता तो काढून घ्यायला निघाले होते. शब्द तोच, पण तो कोणत्या ताटाच्या शेजारी ठेवला आहे त्यावर त्याचा अर्थ फिरतो. संदर्भावाचून अर्थ लावू नये, हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवते.

याच सुमारास मी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ पुन्हा वाचायला घेतले. २०१५ साली आलेले हे पुस्तक मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीविषयी आहे. शाळाशाळांतून जेवणाआधी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातले सुप्रसिद्ध वचन शीर्षकातच उलटवले आहे. मराठी पाककृतींच्या ग्रंथांत ज्यांच्या चुलीला कधी पान मिळाले नाही, त्यांची चूल लेखकाने तिथे मांडली आहे. पहिल्या वाचनात मी ते दस्तऐवज म्हणून, थोड्या दुरून वाचले होते. वर्गात त्यावर एक तास घेतला होता. या वेळी वाचताना त्या शीर्षकातला ‘अ’ मला उद्देशून आहे असे वाटले. माझे ब्रह्म पूर्ण होते, कारण त्यात दूध होते.

तरीही मी माझ्या मूळ इच्छेला सर्वस्वी खोटी मानत नाही, आणि हे सांगितले नाही तर हा लेख सोयीस्कर कबुलीजबाब होईल. सर्वांनी एका पंगतीत बसून एकच पदार्थ खावा ही इच्छा या महाराष्ट्रात जुनी आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. त्यांनी झुणका-भाकरच का निवडली असावी? एक तर ती गरिबाची. दुसरे म्हणजे, मला वाटते, तिला कोणीही नाही म्हणू शकत नव्हता. बेसन आणि ज्वारी यांवर कोणत्याही सोवळ्याला आक्षेप घेता येत नव्हता. मग न जेवण्याचे कारण एकच उरे, शेजारी बसलेला माणूस, आणि ते कारण उघडे पडे. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२१ मध्ये, फ्रान्समधल्या ल्यों शहराने करोनाच्या काळात शाळांची रांग लवकर सरकावी म्हणून सर्व मुलांना काही काळ एकच मांसाविना जेवण दिले, तेव्हा महापौरांचा युक्तिवाद हाच होता की हे जेवण सगळीच मुले खाऊ शकतात. त्यावर तिथल्या मंत्र्यांनी टीका केली आणि शेतकरी ट्रॅक्टर व गाई घेऊन नगरपालिकेसमोर आले. तिथे मांस काढल्याचा राग, इथे अंडे घातल्याचा राग. आरशातली प्रतिमा उलटी असते, पण चेहरा एकच असतो: आपल्या ताटावरून दुसऱ्याचे ताट ठरवू पाहणारा.

वनस्पतीजन्य पदार्थ पंगत जोडू शकतो, याविषयी मला शंका नाही. पण गद्र्यांच्या पंगतीत जोडण्याची किंमत सोवळ्याने मोजली होती. त्याला आपले सोवळे सोडावे लागले होते. माझ्या पंगतीत ती किंमत त्या रोजगाराला जाणाऱ्या बाईच्या मुलाने मोजायची होती, आणि मी काहीच सोडणार नव्हते. दोन्ही पंगतींत वाढलेले कडधान्यच, पण एकीला सहभोजन म्हणता येते आणि दुसरीला म्हणता येत नाही.

असो. प्रश्न आमच्या समितीने सोडवण्याआधीच वरून सुटला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला. ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत, असे ठरले. आमच्या शाळेत अंडे थांबले आणि त्याच्यासोबत केळेही. पुढच्या बुधवारी व्हरांड्यात एकच पंगत होती. मी वर्षभरापूर्वी मागितले होते तेच दृश्य. माझी मुलगी आणि तिची मैत्रीण शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघींच्या ताटात सारखीच पिवळी खिचडी होती. मला आनंद व्हायला हवा होता. त्या आईचा मुलगा तिसरा किंवा चौथा बसला होता. तो मावशींना म्हणाला, “आज बुधवार हाय ना?” मावशी म्हणाल्या, “हाय की,” आणि पुढे सरकल्या.

यानंतर आम्ही जे केले ते फार थोडे आहे. लोकसहभाग हा शब्द कागदावर भारदस्त दिसतो. आमच्या गावात शाळेच्या रंगासाठीही वर्गणी जमता जमत नाही. तरी समितीने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, बुधवारी उसळ नीट करायची. नव्वद मुलांना प्रत्येकी वीस ग्रॅम म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम मटकी. ती मंगळवारी सकाळी भिजत घालावी लागते, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी लागते. माणच्या थंडीत एका रात्रीत मोड येत नाहीत, म्हणून मावशी ते गाठोडे घरी नेऊन चुलीच्या उबेला ठेवतात. शेंगा ज्याच्या त्याच्या घरून येतात, पसा-दोन पसे. त्या उसळीला आता चव आहे, आणि मुले दुसऱ्यांदा मागतात. दुसरी गोष्ट, महिन्यातून एखादे वेळी कोणी अंडी देतो, तेव्हा कागदावर आधी खूण घ्यायची नाही आणि रांगा करायच्या नाहीत. एका पाटीत अंडी, एका पाटीत फळे. मावशी पंगतीतून जातात आणि मूल मागेल ते देतात. वाढायला दहा मिनिटे जास्त लागतात. एवढ्याने पोषणाचा प्रश्न सुटत नाही हे मला ठाऊक आहे. महिन्याचे एक अंडे आठवड्याच्या अंड्याची जागा घेत नाही. ती आई अजूनही समितीवर आहे आणि प्रत्येक बैठकीत अंड्याचा विषय ती काढतेच. आता इतिवृत्तात तो मी लिहून घेते.

गेल्या महिन्यात असेच कोणी तरी नातवाच्या वाढदिवसाला अंडी देणार होते. आदल्या रात्री मुलगी अंथरुणात पडून म्हणाली, “आई, उद्या मी अंडं घेतलं तर चालेल?” बरीच वर्षे पोसलेली एक भिंत मला आतून जाणवली. आमच्या घरात अंडे कधी आलेले नाही. तिच्या जागी मी असते तर विचारलेही नसते. मी म्हणाले, “का गं, आवडतं का तुला?” ती म्हणाली, “माहीत नाही. खाल्लं कुठंय?”

मला आजोबांचे वाक्य आठवले. ते वर्षानुवर्षे आम्ही विनोद म्हणून वापरले, म्हणून त्याचे वजन कधी कळले नव्हते. व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते आणि ज्याचे त्याने पाळायचे असते. दुसऱ्याच्या ताटात वाढले की ते व्रत राहत नाही. हे मला दुसऱ्याच्या मुलापुरते समजले होते. आपल्या मुलीपुरते समजायला त्या रात्री थोडा वेळ लागला.

“पंगतीत बसल्यावर ठरव,” मी म्हणाले, आणि दिवा मालवला. दुसऱ्या दिवशी तिने काय घेतले ते मी विचारले नाही. तिने सांगितलेही नाही.